कार्बन मोनॉक्साइड: बाँड ऑर्डर बरोबर, एमओ आकृती चूक

पदवीच्या रसायनशास्त्रात हमखास येणारा प्रश्न आहे: कार्बन मोनॉक्साइडची मॉलिक्युलर ऑर्बिटल (एमओ) आकृती, म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या घरांची (ऑर्बिटल्सची) ऊर्जेनुसार मांडणी, काढा, इलेक्ट्रॉन भरा आणि बाँड ऑर्डर, म्हणजे बंध किती पदरी आहे ते, सांगा. याचं ठरलेलं उत्तर बहुतेकांच्या हाताला सवयीचं असतं. नायट्रोजन रेणूची आकृती घ्यायची, ऑक्सिजनचा उजवा खांब थोडा खाली सरकवायचा. २एस समोर २एस आणि २पी समोर २पी ठेवून तुटक रेषा जोडायच्या, मग दहा व्हॅलन्स (बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन खालून वर भरायचे. बंध घट्ट करणाऱ्या (बाँडिंग) ऑर्बिटल्समध्ये आठ, तो सैल करणाऱ्या (अँटिबाँडिंग) ऑर्बिटल्समध्ये दोन, फरकाचं अर्धं तीन. बाँड ऑर्डर तीन हे उत्तर बरोबर आहे. उत्तर बरोबर आल्यावर आकृती पुन्हा कोण तपासतो?

ती तपासायला हवी, कारण या आकृतीवरून काढलेली पुढची तीन भाकितं मोजमापाशी जुळत नाहीत.

पहिलं भाकीत धातूंबद्दलचं. बाँडिंग ऑर्बिटल नेहमी कमी ऊर्जेच्या अणूकडे झुकतं, म्हणून नायट्रोजनवरून केलेल्या या नकलेच्या आकृतीत बंध जोडणारी सगळी भरलेली ऑर्बिटल्स ऑक्सिजनकडे झुकलेली दिसतात. त्यातलं सगळ्यात वरचं ऑर्बिटलही ऑक्सिजनचंच. असं असेल तर हा रेणू धातूला ऑक्सिजनच्या टोकाने चिकटायला हवा. प्रत्यक्षात १८९० मध्ये लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या निकेल टेट्राकार्बोनिलपासून आजवरच्या साध्या कार्बोनिल संयुगांत (धातूला कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या संयुगांत) धातूला धरतो तो कार्बन. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जी विषबाधा होते, तिथेही हिमोग्लोबिनच्या लोहाला कार्बनचंच टोक बसतं.

दुसरं भाकीत द्विध्रुव आघूर्णाचं. रेणूच्या दोन टोकांमध्ये भार किती वेगळा झाला आहे त्याचं हे माप, एकक डिबाय. कार्बनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) २.५५ आणि ऑक्सिजनची ३.४४, त्यात सगळे बाँडिंग इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे. म्हणजे आघूर्ण मोठं हवं आणि ऋण टोक ऑक्सिजनचं हवं. फॉर्मल्डिहाइडमध्ये ते तसंच आहे, २.३३ डिबाय. कार्बन मोनॉक्साइडचं मोजलेलं आघूर्ण मात्र अवघं ०.११ डिबाय आहे, आणि ऋण टोक कार्बनचं आहे. ११२.८ पिकोमीटर अंतरावर एक पूर्ण इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेला असता तर आघूर्ण ५.४ डिबाय झालं असतं. म्हणजे निव्वळ सरकलेला भार इलेक्ट्रॉनच्या दोन टक्क्यांएवढा, आणि तोही अपेक्षेच्या उलट दिशेने.

तिसरं भाकीत आयनाबद्दलचं. नायट्रोजनमधून एक इलेक्ट्रॉन काढला की बंध १०९.८ वरून १११.६ पिकोमीटरपर्यंत लांबतो, कारण बाँडिंग इलेक्ट्रॉन गेला. त्याच धर्तीवर काढलेल्या आकृतीप्रमाणे कार्बन मोनॉक्साइडचा आयनही लांबायला हवा. तो आखूड होतो: ११२.८ वरून १११.५ पिकोमीटर.

आता आकृती कोऱ्या कागदावर नव्याने काढू.

खांब उभे करणं

सुरुवात ऊर्जेच्या आकड्यांपासून होते, अंदाजाने आखलेल्या पायऱ्यांपासून नाही. व्हॅलन्स ऑर्बिटल्सच्या सरासरी आयनीकरण ऊर्जांच्या (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जांच्या) तक्त्यातून हे आकडे मिळतात: कार्बन २एस −१९.४३, कार्बन २पी −१०.६६, ऑक्सिजन २एस −३२.३६, ऑक्सिजन २पी −१५.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे ईव्ही). चारही आकडे एकाच तक्त्यातले हवेत. आवर्तसारणीतली पहिली आयनीकरण ऊर्जा इथे चालत नाही. ती कार्बनसाठी ११.२६ आणि ऑक्सिजनसाठी १३.६२ आहे. ती अणूच्या एका विशिष्ट अवस्थेपासून आयनाच्या एका विशिष्ट अवस्थेपर्यंतची असते, तर आपल्याला त्या रचनेतल्या सगळ्या अवस्थांची सरासरी लागते. हे दोन आकडे वापरले तर २पी-२पी अंतर ५.१९ च्या जागी २.३६ ईव्ही येतं, आणि रेणू होता त्यापेक्षा दुपटीहून जास्त समतोल दिसायला लागतो.

आलेख कागदावर एक सेंटिमीटरला दोन ईव्ही असं प्रमाण घेतलं तर शून्यापासून −४० पर्यंत वीस सेंटिमीटर लागतात. ती जागा सोडावीच, कारण रेणूचं सगळ्यात खालचं व्हॅलन्स ऑर्बिटल ऑक्सिजनच्या २एसच्याही खाली जातं. १एस ऑर्बिटल्स या कागदावर मावणारच नाहीत. रेणूत त्यांची ऊर्जा कार्बनसाठी सुमारे २९६ आणि ऑक्सिजनसाठी सुमारे ५४२ ईव्ही आहे, म्हणजे त्यांच्यामधलं अंतरच शेकड्यांत. ती बंधात भाग घेत नाहीत. पण रेणूच्या ऑर्बिटल्सना क्रमांक देताना ती मोजली जातात, म्हणून पहिलं व्हॅलन्स सिग्मा ऑर्बिटल ‘३ सिग्मा’ ठरतं. काही पुस्तकं फक्त व्हॅलन्सपासून मोजतात. दोन पुस्तकांतल्या आकृत्या ताडताना आधी हे बघावं, नाहीतर एकाचं ५ सिग्मा आणि दुसऱ्याचं ३ सिग्मा ही वेगळी ऑर्बिटल्स वाटतात, आणि ती असतात एकच.

आणखी एक फरक नायट्रोजनच्या आकृतीतून नकळत सोबत येतो: ‘जी’ आणि ‘यू’ ही पदं. त्यांना रेणूच्या मध्यावर व्युत्क्रम केंद्र लागतं, म्हणजे ज्यातून आरपार उलटवल्यावर रेणू तसाच दिसतो असा बिंदू. दोन टोकांना वेगळे अणू असले की ते केंद्र उरत नाही, आणि ही पदं लिहिणं चूक ठरतं. बारकावा वाटला तरी याचा परिणाम मोठा आहे. नायट्रोजनमध्ये ‘जी’ आणि ‘यू’ सिग्मा ऑर्बिटल्स एकमेकांत मिसळू शकत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडमध्ये ती भिंत पडते आणि चारही सिग्मा ऑर्बिटल्स एकमेकांशी बोलू लागतात.

सममितीने वाटणी

बंधाची दिशा झेड अक्ष धरू. त्या अक्षाभोवती फिरवून जे बदलत नाही ते सिग्मा: दोन्ही अणूंचं २एस आणि २पीझेड, मिळून चार. ज्याच्या नोडच्या प्रतलात (जिथे ऑर्बिटलची किंमत शून्य असते त्या प्रतलात) अक्ष येतो ते पाय: दोन्ही बाजूंचं २पीएक्स ही एक जोडी, २पीवाय ही दुसरी. एकूण आठ अणु-ऑर्बिटल्स, म्हणजे रेणूचीही आठ: चार सिग्मा, दोन बाँडिंग पाय, दोन अँटिबाँडिंग पाय. ही मोजणी रेषा जोडण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. पूर्ण झालेल्या आकृतीत सात किंवा नऊ पायऱ्या दिसल्या तर ती मोजणी विसरलेली असते.

२एसची २पीएक्सशी रेषा जोडू नये. त्यांचा ओव्हरलॅप, म्हणजे दोन ऑर्बिटल्स एकमेकांवर किती पडतात त्याचं माप, शून्य आहे. वरच्या पाकळीने जितका धन, खालच्या पाकळीने तितकाच ऋण. ऊर्जा कितीही जवळ असल्या तरी इथे रेषेला जागा नाही.

पाय जोडी आकड्यांत सोडवणं

पायचा भाग दोन-दोन ऑर्बिटल्सचाच आहे, म्हणून तो कागद-पेन्सिलीने पूर्ण सोडवता येतो. अणु-ऑर्बिटल्स एकत्र करणं म्हणजे काय, ते इथे हाताला कळतं.

लागणाऱ्या गोष्टी तीन. दोन ऊर्जा, −१०.६६ आणि −१५.८५. दोन २पी ऑर्बिटल्सचा पाय ओव्हरलॅप, जो या अंतरावर स्लेटर ऑर्बिटल्सने (अणु-ऑर्बिटल्सच्या एका सोप्या गणिती रूपाने) सुमारे ०.२५ येतो. आणि परस्परक्रियेची ऊर्जा. तिसरीसाठी वोल्फ्सबर्ग आणि हेल्महोल्त्स यांचं १९५२ चं सूत्र वापरू: स्थिरांक गुणिले ओव्हरलॅप गुणिले दोन्ही ऊर्जांची सरासरी. रोआल्ड हॉफमन यांनी १९६३ मध्ये विस्तारित ह्युकेल या रेणूच्या ऑर्बिटल्स काढायच्या ढोबळ पद्धतीत हा स्थिरांक १.७५ घेतला. सरासरी −१३.२५५, तेव्हा परस्परक्रिया १.७५ × ०.२५ × (−१३.२५५) = −५.८० ईव्ही.

रेणूची ऊर्जा ‘ऊ’ धरली तर अट अशी:

(−१०.६६ − ऊ)(−१५.८५ − ऊ) = (−५.८० − ०.२५ऊ)²

कंस सोडवून: ०.९३७५ऊ² + २३.६१ऊ + १३५.३२ = ०. याची दोन उत्तरं: ऊ = −१६.३६ आणि ऊ = −८.८२ ईव्ही.

बाँडिंग ऑर्बिटल ऑक्सिजनच्या पातळीपेक्षा फक्त ०.५१ ईव्ही खाली उतरलं, अँटिबाँडिंग मात्र कार्बनच्या पातळीवर १.८४ ईव्ही चढलं. अँटिबाँडिंग जितकं बिघडवतं तितकं बाँडिंग कधीच सुधारत नाही, आणि हा असमतोल ओव्हरलॅपमुळे येतो. आकृतीत दोन्ही बाजूंना सारखं अंतर काढलेलं असेल तर काढणाऱ्याने ओव्हरलॅप शून्य धरला आहे, त्याच्या ध्यानात असो वा नसो.

इथेच नेहमीची गफलत होते. परस्परक्रिया काढताना ओव्हरलॅप वापरायचा, पण समीकरणाच्या उजव्या बाजूचं ०.२५ऊ हे पद सोडून द्यायचं. तसं केल्यास उत्तरं −१९.६१ आणि −६.९० येतात. या पायरीवर प्रयोगाने मोजलेली आयनीकरण ऊर्जा १६.९१ ईव्ही आहे. म्हणजे एक पद गाळल्याने सुमारे २.७ ईव्हीची चूक, तर पद ठेवल्यास अर्ध्या ईव्हीच्या आसपासची. पण हा मेळ फार गंभीरपणे घेऊ नये. १.७५ हा स्थिरांक कामचलाऊ आहे आणि ओव्हरलॅपचा आकडा कोणती ऑर्बिटल्स घेतली त्यावर थोडा हलतो.

सहगुणक, म्हणजे कुठलं अणु-ऑर्बिटल किती प्रमाणात मिसळलं ते आकडे, काढले की चित्र आणखी स्पष्ट होतं. बाँडिंगसाठी ऑक्सिजनचा सहगुणक ०.९०, कार्बनचा ०.२७. ओव्हरलॅपमधला भाग दोघांत सारखा वाटला तर ८७ टक्के ऑक्सिजन, १३ टक्के कार्बन. अँटिबाँडिंगमध्ये याच्या बरोब्बर उलट: कार्बनचा सहगुणक १.००, ऑक्सिजनचा −०.५१, वाटा ८७ टक्के कार्बनचा. ही टक्केवारी खऱ्यापेक्षा जास्त एकतर्फी आहे. ऑक्सिजनवर भार वाढला की त्याची ऑर्बिटल्स वर सरकतात आणि ओढ कमी होते, पण या एका फेरीच्या गणितात ती सुधारणा नाही. दिशा मात्र पक्की आहे: भरलेलं पाय ऑक्सिजनकडे, रिकामं पाय कार्बनकडे. दुसरी जोडी, म्हणजे २पीवायची, हुबेहूब हीच आहे. म्हणून ‘१ पाय’ आणि ‘२ पाय’ या दोन्ही पातळ्यांवर दोन-दोन घरं.

सिग्मा: जिथे नकलेची आकृती मोडते

चार सिग्मा ऑर्बिटल्समध्ये जोड्या लावताना नावं बाजूला ठेवून अंतरं मोजावीत. परस्परक्रियेने पातळी किती हलते हे ढोबळमानाने परस्परक्रियेचा वर्ग भागिले ऊर्जेतलं अंतर एवढं असतं. अंतर जितकं कमी तितका परिणाम मोठा.

कार्बन २एस आणि ऑक्सिजन २पीझेड: अंतर ३.५८ ईव्ही.
कार्बन २पीझेड आणि ऑक्सिजन २पीझेड: ५.१९.
कार्बन २एस आणि ऑक्सिजन २एस: १२.९३.
कार्बन २पीझेड आणि ऑक्सिजन २एस: २१.७०.

सगळ्यात जवळची जोडी ‘२एस-२पी’ अशी मिश्र नावाची आहे. नकलेच्या आकृतीत तिच्यासाठी रेषाच नव्हती. आणि जिथे ठसठशीत रेषा ओढली होती ती २एस-२एस जोडी साडेतीनपट लांब आहे. दोन २एसचा ओव्हरलॅप चांगला असल्याने ती रेषा पूर्णपणे पुसायची नाही, पण तिचं वजन कमी आहे. एस समोर एस आणि पी समोर पी ही सवय एकाच प्रकारच्या दोन अणूंच्या रेणूंत लागते, कारण तिथे सारख्या नावांची ऊर्जा सारखी असते. अणू बदलले की नावाचा आणि ऊर्जेचा हा संबंध तुटतो.

आता पातळ्या एकेक करून बांधू.

तळाशी ऑक्सिजनचं २एस. त्यात कार्बनचं २एस आणि थोडं २पीझेड अनुकूल चिन्हाने मिसळतं आणि पातळी खाली जाते. हे ३ सिग्मा. प्रयोगात ते सुमारे ३८ ईव्हीवर दिसतं. इतक्या खोलवर एक ऑर्बिटल म्हणजे एक रेषा हे चित्र विस्कटतं आणि वर्णपटात उपशिखरं येतात, पण आकृतीपुरती एक पायरी पुरेशी आहे.

मधे कार्बन २एस आणि ऑक्सिजन २पीझेड ही जवळची जोडी. त्यांचं अनुकूल मिश्रण खाली यायला बघतं. त्याच वेळी खालून ऑक्सिजनचं २एस त्याला वर ढकलतं, कारण एकाच सममितीच्या पातळ्या एकमेकींना दूर लोटतात. दोन्ही ओढी जवळजवळ फिटतात. हे ४ सिग्मा. ते १९.७२ ईव्हीवर सापडतं, कार्बन २एसच्या मूळ जागेपासून तीन दशांशावर. मिसळलेल्या ऑक्सिजन २एसमुळे त्याची मोठी पाकळी कार्बनपासून दूर, ऑक्सिजनच्या पाठीमागे वळते. ऑक्सिजनवरची एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) म्हणतात ती बहुतांशी हीच.

त्यावर त्याच जोडीचं प्रतिकूल मिश्रण. एकटं असतं तर ते −१५.८५ च्या बरंच वर गेलं असतं. पण वर कार्बनचं २पीझेड बसलेलं आहे. ते यात मिसळतं आणि पातळीला खाली दाबतं. हे ५ सिग्मा, १४.०१ ईव्हीवर. चिन्हांकडे नीट बघा. कार्बनवर २एस आणि २पीझेड अशा चिन्हांनी एकत्र येतात की बंधाच्या बाजूची पाकळी आकसते आणि मागची फुगते. ऑर्बिटलचा मोठा भाग कार्बनच्या मागच्या बाजूला, रेणूच्या बाहेर. नकलेच्या आकृतीत न सापडलेली ‘कार्बनवरची एकाकी जोडी’ ती हीच.

चिन्हांबाबत एक सूचना, कारण इथे बरेच जण अडखळतात. दोन्ही अणूंचे झेड बाण एकाच दिशेने धरले तर समोरासमोरच्या २पीझेड पाकळ्या विरुद्ध चिन्हाच्या येतात आणि बाँडिंगसाठी वजाबाकी करावी लागते. बाण एकमेकांकडे वळवून धरले तर बेरीज. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. अर्ध्यात बदललं तर ५ सिग्माची फुगलेली पाकळी बंधाच्या आत येते आणि सगळी आकृती फसते. पाकळ्या रंगवून, हाताने काढाव्यात, सहगुणकाच्या प्रमाणात लहान-मोठ्या.

उरलेलं चौथं मिश्रण, ६ सिग्मा, फार वर जातं. ते रिकामंच राहतं.

इलेक्ट्रॉन आणि तपासणी

कार्बनचे चार, ऑक्सिजनचे सहा. खालून वर: ३ सिग्मा दोन, ४ सिग्मा दोन, १ पाय चार, ५ सिग्मा दोन. भरलेल्यांत वरचं ५ सिग्मा, रिकाम्यांत खालचं २ पाय. दोन्ही कार्बनकडे झुकलेली.

एमओ आकृतीची खरी परीक्षा फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात होते. हेलियमच्या दिव्याचे २१.२२ ईव्हीचे फोटॉन वायूवर सोडायचे आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा मोजायची. फरक म्हणजे त्या पायरीची आयनीकरण ऊर्जा. या दिव्याला वरच्या तीन पायऱ्या दिसतात. ३ सिग्मासाठी जास्त ऊर्जेचं प्रारण लागतं. शिवाय प्रत्येक पट्ट्यातल्या कंपनरेषांवरून, आणि आयनाच्या इतर वर्णपटांवरून, त्या पायरीतला इलेक्ट्रॉन गेल्यावर बंध ताठ झाला की सैल हेही कळतं. खालच्या तक्त्यातला कंपनांक (बंध ताणला-आखडला जाण्याची वारंवारता) हार्मोनिक, म्हणजे बंधाला आदर्श स्प्रिंग धरून काढलेला, आहे. इन्फ्रारेडमध्ये प्रत्यक्ष दिसणारी मोकळ्या रेणूची रेषा २१४३ वर असते.

| कुठला इलेक्ट्रॉन गेला | आयनीकरण ऊर्जा (ईव्ही) | बंधलांबी (पिकोमीटर) | कंपनांक (प्रति सेंमी) |
|---|---|---|---|
| कुठलाच नाही | – | ११२.८ | २१७० |
| ५ सिग्मा | १४.०१ | १११.५ | २२१४ |
| १ पाय | १६.९१ | १२४.४ | १५६२ |
| ४ सिग्मा | १९.७२ | ११६.९ | १७३४ |

दुसरी ओळ आधी: ५ सिग्मामधला इलेक्ट्रॉन गेला, बंध १.३ पिकोमीटर आखडला आणि कंपन ४४ ने वाढलं. म्हणजे हे ऑर्बिटल जवळजवळ नॉनबाँडिंग (बंधाला ना मदत, ना अडथळा), किंचित अँटिबाँडिंगकडे. वर्णपटातही हा पट्टा अरुंद असून पहिली रेषाच सगळ्यात उंच असते. याचं दुसरं स्पष्टीकरण असंही दिलं जातं की कार्बनवर धन भार आल्याने तो पाय इलेक्ट्रॉनांना ऑक्सिजनकडून आपल्याकडे ओढतो, वाटणी समतोल होते आणि बंध घट्ट होतो. दोन्ही परिणाम एका दिशेने जातात, आणि एकट्या बंधलांबीवरून ते वेगळे करता येत नाहीत.

१ पायबद्दल शंका नाही. एक इलेक्ट्रॉन गेला आणि बंध साडेअकरा पिकोमीटर लांबला. या पट्ट्यात कंपनरेषांची लांबलचक रांग दिसते. या रेणूचा बंध मुख्यतः पाय इलेक्ट्रॉनांनी धरला आहे.

सगळ्यात बोलकी ओळ शेवटची. बाँड ऑर्डर मोजताना ४ सिग्माला अँटिबाँडिंग म्हटलं होतं. ते खरं असतं तर त्यातला इलेक्ट्रॉन गेल्यावर बंध आखडला असता. तो चार पिकोमीटर लांबला. म्हणजे ‘अँटिबाँडिंग’ ही पाटी लावलेलं ४ सिग्मा थोडंसं बाँडिंग आहे, आणि ‘बाँडिंग’ पाटीचं ५ सिग्मा किंचित उलट.

आता पाट्या बदलून पुन्हा मोजा. ४ सिग्मा बाँडिंग आणि ५ सिग्मा अँटिबाँडिंग धरलं तर आठ वजा दोन, भागिले दोन, तीन. दोन्ही नॉनबाँडिंग धरली तर ३ सिग्माचे दोन आणि १ पायचे चार, सहा भागिले दोन, पुन्हा तीन. तिन्ही प्रकारांनी तोच आकडा येतो. म्हणून बाँड ऑर्डर तीन आली यावरून आकृती बरोबर आहे असं ठरवताच येत नाही. आकृतीला गुण द्यायचे तर ५ सिग्मा कुठे झुकलं आहे आणि कार्बन २एसपासून ऑक्सिजन २पीझेडकडे रेषा गेली आहे का, हे बघून द्यावेत.

आकृतीची मर्यादा, आणि ती कुठे काम देते

द्विध्रुव आघूर्ण लहान का, हे आता कळतं. पाय इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे, पण ५ सिग्माची जोडी कार्बनच्या मागे, बरीच बाहेर. दोन मोठ्या, विरुद्ध संख्यांची बेरीज शून्याजवळ येते. शेवटी ऋण टोक कुठलं उरतं हे मात्र या आकृतीवरून ठरवता येत नाही. हार्ट्री-फॉक पातळीचं संगणकीय गणितसुद्धा (ज्यात प्रत्येक इलेक्ट्रॉनवर बाकीच्यांचा फक्त सरासरी परिणाम धरतात) इथे चिन्ह उलटं देतं. इलेक्ट्रॉनांमधला सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांना क्षणोक्षणी टाळतात हे, हिशोबात घेतल्यावरच कार्बन ऋण येतो. ‘५ सिग्मा कार्बनवर आहे म्हणून कार्बन ऋण’ हे वाक्य पुस्तकांत सर्रास दिसतं. ते अपुरं आहे.

धातूंच्या बाबतीत आकृती पूर्ण उपयोगी पडते. ५ सिग्मा आपली जोडी धातूच्या रिकाम्या ऑर्बिटलला देतं आणि २ पाय धातूच्या भरलेल्या डी ऑर्बिटलमधून इलेक्ट्रॉन परत घेतं. दोन्ही पाकळ्या कार्बनवर मोठ्या असल्यामुळे दोन्ही कामं एकाच टोकाने होतात. परत घेतलेला इलेक्ट्रॉन अँटिबाँडिंगमध्ये बसतो, म्हणून कार्बन-ऑक्सिजन बंध सैल होतो आणि इन्फ्रारेड रेषा खाली येते. मोकळ्या रेणूची २१४३. क्रोमियम हेक्साकार्बोनिलमध्ये सुमारे २०००. तितकेच इलेक्ट्रॉन असलेल्या व्हॅनेडियमच्या ऋण आयनात, जिथे धातूकडे द्यायला जास्त आहे, सुमारे १८६०. मँगनीजच्या धन आयनात सुमारे २०९०. आणि बोरेनला (बोरॉन-हायड्रोजनच्या संयुगाला) जोडलेल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये, जिथे परत द्यायला डी इलेक्ट्रॉनच नाहीत, ती रेषा मोकळ्या रेणूच्याही वर, २१६५ च्या आसपास जाते. फक्त ५ सिग्मातून काढून घेतल्यावर बंध ताठ होतो, हे आयनाच्या तक्त्यात दिसलंच होतं.

पद्धत हाताला बसली का हे पाहायला बोरॉन मोनोफ्लोराइड घ्यावं. त्यातही दहा व्हॅलन्स इलेक्ट्रॉन. बोरॉन २एस −१४.०५, २पी −८.३०. फ्लोरिन २एस −४६.३७, २पी −१८.६५. इथे बोरॉनचं २एस फ्लोरिनच्या २पीच्याही वर येतं, म्हणून सगळ्यात वरची भरलेली जोडी जवळजवळ सगळी बोरॉनची होते. पाय जोडीतलं अंतर ५.१९ वरून १०.३५ ईव्हीपर्यंत जातं आणि पाय इलेक्ट्रॉन फ्लोरिनवरच बसून राहतात. पाट्या मोजल्या तर बाँड ऑर्डर इथेही तीन येते. बंधलांबी १२६ पिकोमीटर आहे, कंपनांक १४०२. दोन्ही रेणूंचं क्षयित वस्तुमान (कंपनाच्या हिशोबात दोन अणूंचं मिळून धरायचं वस्तुमान) जवळजवळ सारखं असल्याने हे आकडे थेट ताडता येतात: बोरॉन मोनोफ्लोराइडच्या बंधाचा ताठपणा कार्बन मोनॉक्साइडच्या निम्म्याहून कमी आहे.